वाट आणि वखार

व्यापाराच्या इतिहासांत दोन धंदे फार पुरातन आहेत: एक वाट बांधण्याचा आणि दुसरा वखार घालण्याचा. वाटेचा धनी आल्यागेल्याकडून जकात घेतो. वखारीचा धनी दूरदेशींचा माल गिऱ्हाइकाच्या दाराशीं आणून सांठवितो आणि त्या जवळीकीचें मोल घेतो. हे दोन्ही धंदे एकाच हातीं आले तर नफा दुणावेल, असें कोणासही वाटणें स्वाभाविक आहे. १९९८ पासून पुढच्या पाव शतकांत कित्येक बलाढ्य दूरसंचार कंपन्यांना तसें वाटलें. त्यांनीं तो प्रयोग केला आणि एकामागून एक आटोपताही घेतला. या प्रयोगांतील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत बोधप्रद प्रकरण म्हणजे ‘फुटप्रिंट’ या अमेरिकन सेवेचें होय. फुटप्रिंट म्हणजे पाऊलखूण. या सेवेनें पांच वेळां धनी बदलले, आणि तिला पोसणाऱ्या बहुतेक घराण्यांच्या पाट्या एकेक करून खालीं उतरल्या.

ही सेवा कशाची, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. इंटरनेटवरील लेख, चित्र अथवा चित्रपट हा कोठल्या ना कोठल्या संगणकांत सांठविलेला असतो. तो संगणक न्यूयॉर्कला आणि वाचणारा मुंबईला असला, तर मागणी समुद्राखालून तिकडे जाते आणि उत्तर तशाच वाटेनें परत येतें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबई ते न्यूयॉर्क हें सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरलें, तरी जाऊन येऊन एका खेपेस सेकंदाचा अष्टमांश लागतो. आणि केबलचा मार्ग सरळ कधींच नसतो. अष्टमांश सेकंद म्हणजे कांहींच नव्हे, असें वाटेल. परंतु एक पान उघडावयास अशा अनेक खेपा पडतात. माल लहान लहान गठ्ठ्यांनीं निघतो, आणि आधींच्या गठ्ठ्यांची पोंच आल्यावांचून पुढचे गठ्ठे फारसे सोडतां येत नाहींत. वाटेंत एखादा गठ्ठा गहाळ झाला तर पाठविणारा संगणक आपला वेग आणखी कमी करतो. त्यांत लक्षावधि लोक एकाच वेळीं एकाच दाराशीं जमले, म्हणजे दारच तुंबतें. ११ सप्टेंबर १९९८ रोजीं, अध्यक्ष क्लिंटन यांच्यासंबंधींचा केनेथ स्टार यांचा अहवाल अमेरिकन काँग्रेसनें इंटरनेटवर प्रसिद्ध केला, त्या दिवशीं ही कोंडी साऱ्या जगाला पाहावयास मिळाली.

या कोंडीवर वखार हाच उपाय होता. मूळ मालाच्या नकला ठिकठिकाणच्या संगणकांत आगाऊ ठेवावयाच्या, आणि मागणी येतांच जवळच्या वखारींतून ती पुरवावयाची. यांतील खरी युक्ति गिऱ्हाइकाला जवळच्या वखारीकडे वळविण्यांत आहे. इंटरनेटवर प्रत्येक स्थळाच्या नांवामागें एक आंकडी पत्ता असतो, आणि नांवावरून पत्ता सांगणारी निराळी यंत्रणा असते. वखारवाल्यानें ही यंत्रणा आपल्या ताब्यांत घेतली, म्हणजे एकाच नांवाचा पत्ता तो पुण्याच्या माणसाला एक सांगतो आणि पॅरिसच्या माणसाला दुसरा. वखार भरलेली असो, बंद असो, वा तिकडची वाट तुंबलेली असो, तें पाहून उत्तर क्षणोक्षणीं बदलतां येतें. वाचणाऱ्याला यांतलें कांहींच कळत नाहीं. अशा वखारींच्या मालिकेला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, संक्षेपानें सीडीएन, असें म्हणतात.

याचा विचार अमेरिकेच्या दोन टोकांना एकाच सुमारास चालू होता. पूर्वेकडे, मॅसाचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं १९९५ च्या सुमारास या कोंडीचा प्रश्न आपल्या सहकाऱ्यांपुढें मांडला. गणिती टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल ल्यूइन यांनीं तो हातीं घेतला. कोणती नक्कल कोणत्या संगणकांत ठेवावी आणि एखादा संगणक बंद पडला असतां साऱ्यांची फेरवांटणी करावी न लागतां काम कसें चालावें, याची एक सुंदर गणिती रीत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केली. १९९८ सालीं त्यांतून अकामाई ही कंपनी निघाली. अकामाई हा हवाई बेटांच्या भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ हुशार, चतुर असा आहे. ल्यूइन यांचा ११ सप्टेंबर २००१ रोजीं, न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळविलेल्या पहिल्या विमानांत अंत झाला.

पश्चिमेकडे, कॅलिफोर्नियांत, १९९६ सालीं स्थापन झालेली सँडपायपर नेटवर्क्स ही लहानशी कंपनी स्वतंत्रपणें याच मुक्कामाला पोंचली होती. तिनें आपल्या पद्धतीच्या पेटंटासाठीं फेब्रुवारी १९९८ मध्यें अर्ज केला, आणि त्याच वर्षीं फुटप्रिंट ही सेवा बाजारांत आणली. अकामाईचा अर्ज त्यानंतर सुमारें पांच महिन्यांनीं गेला. पुढें हा वाद न्यायालयांत गेला, तेव्हां २००३ सालीं अमेरिकेच्या अपील न्यायालयानें अकामाईच्या पेटंटांतील कांहीं दावे सँडपायपरच्या आधींच्या पेटंटामुळें रद्द ठरविले. पेटंट मात्र सबंध रद्द झालें नाहीं. सांगावयाचें तात्पर्य एवढेंच कीं, फुटप्रिंट ही कोणाची उसनी नक्कल नव्हती. कल्पना, अग्रक्रम आणि कसब यांपैकीं कशाचीही तिच्याकडे वाण नव्हती. असें असतां तिचें पुढें काय झालें, हाच इतिहासाचा प्रश्न आहे.

१९९९ च्या अखेरीस सँडपायपर ही डिजिटल आयलंड या कंपनींत विलीन झाली. हवाई बेटांत जन्मलेली ही कंपनी स्वतःच्या खासगी वाटांनीं देशोदेशींचीं शहरें जोडीत होती. वाट आणि वखार यांचें हें पहिलें लग्न. तो काळ शेअरबाजाराच्या उन्मादाचा होता. डिजिटल आयलंडच्या एका समभागाचा भाव शंभर डॉलरांच्याही वर गेला होता. मे २००१ मध्यें ब्रिटनच्या केबल अँड वायरलेस कंपनीनें ती सारीच्या सारी विकत घेण्याचें जाहीर केलें, तेव्हां समभागाला मिळाले ३ डॉलर ४० सेंट; एकूण किंमत ३४ कोटी डॉलर.

हा नवा धनी मुंबईला अपरिचित नव्हता. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजानें मुंबईहून एडनपर्यंत समुद्रांत तार टाकली, आणि त्याच वर्षीं ती तार सुएझमार्गें इंग्लंडांतील पोर्थकर्नो या गांवापर्यंत जोडली गेली. जॉन पेंडर यांच्या ज्या मंडळीनें हें काम केलें, तिची १८७२ सालीं ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी बनली आणि १९३४ सालीं त्याच घराण्याला केबल अँड वायरलेस हें नांव मिळालें. मुंबईच्या कापूसबाजाराला लिव्हरपूलचे भाव या तारेवरूनही कळूं लागले. हिंदुस्थानांतील या व्यवसायाची शाखा १ जानेवारी १९४७ रोजीं सरकारनें आपल्याकडे घेतली. १९८६ सालीं तिची विदेश संचार निगम ही कंपनी झाली, २००२ सालीं ती टाटांच्या हातीं गेली आणि २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स म्हणून ओळखली जाऊं लागली. विशेष हें कीं, या शाखेनेंही २०११ सालीं बिटग्रॅव्हिटी ही वखारवाली कंपनी विकत घेतली. एकाच तारेच्या दोन्ही टोकांना निरनिराळ्या काळीं तोच मोह पडावा, यावरून तो मोह किती स्वाभाविक होता हें दिसून येतें.

केबल अँड वायरलेसला तो पचला नाहीं. अमेरिकेंत तिनें डिजिटल आयलंडपाठोपाठ एक्सोडस या दिवाळखोर कंपनीचींही संगणकगृहें घेतलीं. बाजार खालीं बसला होता आणि खर्च वर चढत होता. डिसेंबर २००३ मध्यें तिच्या अमेरिकन शाखेनें न्यायालयाकडे दिवाळखोरीचें संरक्षण मागितलें. मार्च २००४ मध्यें ही मालमत्ता सॅव्हिस या कंपनीनें घेतली. सॅव्हिसचें लक्ष संगणकगृहांवर होतें. वखारींचा धंदा तिला ओझ्यासारखा वाटत असावा. डिसेंबर २००६ मध्यें तिनें तो १३ कोटी ५० लक्ष डॉलरांना विकण्याचा करार केला आणि पुढच्याच महिन्यांत फुटप्रिंट लेव्हल थ्री या कंपनीच्या घरीं गेली.

आतां खरी कसोटी लागावयाची होती. लेव्हल थ्रीचा उगम ओमाहा येथील किविट या बांधकाम कंपनींत झाला होता, आणि किविटनें तर अमेरिकेंतील महामार्गच बांधले होते. लेव्हल थ्रीनें तीच वृत्ति ठेवून १९९८ पासून प्रकाशतंतूंचे महामार्ग बांधले. तिचा हिशेब सरळ होता. इतर वखारवाल्यांना माल वाहण्यासाठीं वाटेचें भाडें द्यावें लागतें. आपली वाट आपल्याच मालकीची, तेव्हां आपला माल सर्वांत स्वस्त. १९९८ सालच्या लहान कंपनीची कला आणि महामार्गाच्या धन्याचें बळ यांचा संयोग झाला होता. ११ नोव्हेंबर २०१० रोजीं तिनें सर्वांत मोठें गिऱ्हाईक मिळविल्याचें जाहीर केलें: चित्रपट घरोघर पोंचविणारी नेटफ्लिक्स कंपनी. त्यासाठीं सेकंदाला २.९ टेराबिट इतकी नवी वहनशक्ति वाढविण्याचें तिनें ठरविलें.

यानंतर आठ दिवसांनीं वाटेच्या धन्याला वाटेचाच धडा मिळाला. लेव्हल थ्रीची वाट शहराशहरांना जोडीत असली, तरी घराच्या उंबरठ्यापर्यंत ती जात नव्हती. शेवटचा तो टप्पा कॉमकास्टसारख्या केबल कंपन्यांच्या मालकीचा होता. दोन वाटा जेथें मिळतात तेथें एकमेकांचा माल फुकट घ्यावा, असा मोठ्या कंपन्यांचा रिवाज असतो. परंतु देवघेव साधारण बरोबरीची असावी, असा त्यांत अध्याहार आहे. नेटफ्लिक्समुळें लेव्हल थ्रीकडून येणारा माल कॉमकास्टकडून जाणाऱ्या मालाच्या पांचपट होईल, असें म्हणून कॉमकास्टनें पैसे मागितले. लेव्हल थ्रीनें निषेध नोंदवून ते देण्याचें मान्य केलें आणि २९ नोव्हेंबरला जाहीर तक्रार केली कीं, ही तर इंटरनेटच्या पेठेवर बसविलेली जकात आहे. कॉमकास्टचें उत्तर असें कीं, आजवर तुम्ही वाटसरू म्हणून आलांत. आतां व्यापारी म्हणून येतां, तर व्यापाऱ्याचे दर द्या. जुलै २०१३ मध्यें दोघांनीं समेट झाल्याचें सांगितलें. अटी मात्र गुप्त ठेवल्या.

या भांडणांत कोणाचें किती बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यांतून एक सत्य उघड झालें. वखारीचा धंदा चालावयास वखारवाला सर्वांच्या अंगणांत शिरला पाहिजे. अकामाईच्या मालकीची लांब पल्ल्याची वाट नव्हती. तिनें आपलीं यंत्रें हजारोंनीं दुसऱ्यांच्या जाळ्यांत, अगदीं लहान पुरवठादारांच्याही घरीं, नेऊन ठेवलीं. ती कोणाची प्रतिस्पर्धी नव्हती, म्हणून तिला दार उघडतांना कोणी फारसें कचरत नव्हतें. उलट वाटेच्या धन्यानें ‘आमचीं यंत्रें तुमच्या घरीं ठेवूं द्या’ म्हटलें, कीं दुसरा वाटेचा धनी साशंक होणारच. ज्या मालकीच्या जोरावर लेव्हल थ्री या धंद्यांत उतरली, ती मालकीच परक्या दारांत तिच्या आड येत होती.

दुसरा घाव गिऱ्हाइकांकडून आला. ४ जून २०१२ रोजीं नेटफ्लिक्सनें आपल्या स्वतःच्या वखारी घालण्याचें जाहीर केलें. चित्रपटांनीं भरलेल्या पेट्या ती घरोघर सेवा देणाऱ्या कंपन्यांना विनामूल्य देऊं लागली. त्यांनाही वाटेचा खर्च वांचवावयाचा असल्यानें त्यांनीं त्या आनंदानें घेतल्या. गूगलनें तर ही रीत त्याआधींच अवलंबिली होती. जें गिऱ्हाईक सर्वांत मोठें, त्यालाच स्वतःची वखार सर्वांत परवडते. म्हणून मोठीं गिऱ्हाइकें गेलीं आणि किरकोळ राहिलीं. इकडे दर गिगाबाइटचा भाव वर्षानुवर्षें उतरत होता. मालाचें वजन वाढावें आणि मोबदला वाढूं नये, अशी ही हमाली झाली.

याच सुमारास इतर दूरसंचार कंपन्यांनींही पाऊल मागें घेतलें. एटी अँड टी या अमेरिकेंतील अग्रगण्य कंपनीनें डिसेंबर २०१२ मध्यें अकामाईशीं करार करून तिच्या वखारी आपल्या जाळ्यांत घेतल्या. व्हेरायझननें उलट डिसेंबर २०१३ मध्यें एजकास्ट ही कंपनी विकत घेतली. परंतु २०२१ सालीं आपल्या माध्यम-विभागाबरोबर ती विकून टाकली. २०२२ सालीं एजकास्ट आणि लाइमलाइट यांची मिळून एजिओ झाली, सप्टेंबर २०२४ मध्यें एजिओनें दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १५ जानेवारी २०२५ रोजीं तिचें जाळें बंद पडलें.

फुटप्रिंटचा शेवटचा प्रवास विलक्षण आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजीं लेव्हल थ्री ही सेंच्युरीलिंक या कंपनींत विलीन झाली. सेंच्युरीलिंकचा आरंभ १९३० सालीं लुइझिआना राज्यांतील ओक रिज या खेड्यांत, ७५ वर्गणीदारांच्या एका टेलिफोन-घरापासून झाला होता. याच सेंच्युरीलिंकनें २०११ सालीं सॅव्हिसही विकत घेतली होती. म्हणजे सॅव्हिसनें जी वखार नकोशी होऊन विकली, ती दहा वर्षांनीं फिरून तिच्याच थोरल्या घरीं आली. २०१९ सालीं सेंच्युरीलिंकनें पॅरिसची स्ट्रीमरूट ही कंपनी घेऊन या सेवेंत नवें रक्त घालण्याचा यत्न केला. सप्टेंबर २०२० मध्यें घराण्यानें लुमेन हें नांव धारण केलें. पण कंपनीवर कर्जाचा डोंगर होता. नोव्हेंबर २०२२ मध्यें तिनें भागधारकांचा लाभांशच बंद केला. अशा घरांत जें अंग नफा देत नाहीं, तें किती काळ टिकणार?

ऑक्टोबर २०२३ मध्यें लुमेननें हा धंदा सोडण्याचें ठरविलें आणि आपल्या निवडक गिऱ्हाइकांचे करार अकामाईला विकले. या व्यवहारांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, अकामाईनें लुमेनचें जाळें घेतलें नाहीं, तंत्र घेतलें नाहीं आणि माणसेंही घेतलीं नाहींत. विकली गेली ती वखार नव्हे. खातेवही विकली गेली. ज्या कंपनीच्या पेटंटाला एकेकाळीं सँडपायपरच्या अग्रक्रमामुळें खिंडार पडलें होतें, तिच्याच दप्तरांत फुटप्रिंटचीं गिऱ्हाइकें जमा झालीं. पंचवीस वर्षें साठविलेलें कसब मात्र कोणाच्याच दप्तरांत जमा झालें नाहीं.

यांत समाजाचें काय गेलें, असा प्रश्न सहज विचारतां येईल. सेवा बंद पडली त्या दिवशीं कोणाच्या घरचा चित्रपट थांबला नाहीं कीं कोणाचें वर्तमानपत्र कोरें आलें नाहीं. परंतु या निश्चिंतपणाची दुसरी बाजू ८ जून २०२१ रोजीं दिसून आली होती. त्या दिवशीं फास्टली या एका वखारवाल्या कंपनीच्या यंत्रणेंत दडलेला दोष एका गिऱ्हाइकानें केलेल्या साध्या फेरबदलानें जागा झाला, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘गार्डियन’ यांसारखीं वृत्तपत्रें व ब्रिटिश सरकारचें मुख्य संकेतस्थळ एकाच क्षणीं अंधारांत गेलीं. दोष बहुतांशीं तासाभरांत दुरुस्त झाला. पण एका दुकानांतील चूक आणि देशोदेशींच्या पेठांतील काळोख यांमध्यें किती पातळ भिंत उरली आहे, हें त्या तासानें दाखविलें. वखारवाले जितके थोडे, तितकी ही भिंत अधिक पातळ. फुटप्रिंट गेली म्हणजे एक पर्यायी वखार गेली. आणि पर्यायाची किंमत तो नाहींसा झाल्याखेरीज कळत नाहीं.

लुमेनच्या नशिबाची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. वखार बंद केल्यावर वर्ष होण्याच्या आंत, ऑगस्ट २०२४ मध्यें, तिनें सुमारें ५ अब्ज डॉलरांचीं नवीं कामें मिळविल्याचें जाहीर केलें. तीं वखारींचीं नव्हतीं. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारल्या जाणाऱ्या संगणकगृहांना जोडणाऱ्या प्रकाशतंतूंचीं, म्हणजे निव्वळ वाटेचीं होतीं. ज्या वाटेच्या जोरावर दुसऱ्याचा धंदा जिंकावयाचा म्हणून कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या होत्या, ती वाट स्वतःच्या गुणानें मोलवान होती. तिला वखारीचा टेंकू लागत नव्हता. वाट सर्वांची राहिली तरच तिच्यावरून सर्वांचा माल जातो, आणि वखार कोणा एकाची नसली तरच सर्वांचीं दारें तिला उघडतात. हें साधें व्यापारी सत्य पांच धन्यांना, पंचवीस वर्षांनीं आणि कोट्यवधि डॉलरांनीं उमगलें.